चढावरील सायकल आणि वॅटचा हिशेब

नागपूर - सेमिनरी हिल्सचा चढ सायकलने चढताना किती शक्ती लागते, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. स्वार आणि सायकल यांच्या एकत्रित वजनाला (किलो) ९.८ ने आणि चढाच्या उंचीने (मीटर) गुणावे व लागलेल्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर वॅटमध्ये असते.

६५ किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल मिळून ८० किलो होतात. ३० मीटरची उंची पाच मिनिटांत गाठल्यास ७८ वॅट लागतात, तीन मिनिटांत गाठल्यास १३१. टायरचे घर्षण व हवेचा रोध यांसाठी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास आणखी २०-३० वॅट धरावेत. सराव नसलेला निरोगी माणूस तासभर साधारण १०० वॅट देऊ शकतो. गिअरमुळे पायांवरचा जोर कमी होतो. त्याच वेगाने चढायचे तर वॅट तेवढेच राहतात.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. तिच्या मार्गावरील एकूण चढ ५३ हजार मीटरच्या घरात जातो. पुन्हा ८० किलोच धरले, तर १२ दिवसांच्या मुदतीत झोपेचे तासही मोजून सरासरी ४० वॅट केवळ उंचीपायी खर्ची पडतात.

सूत्राचा खरा कस मात्र सायकलरिक्षावर लागतो. रिक्षा ८०, चालक ५० आणि दोन सवाऱ्या १२० किलो, असे एकूण २५० किलो झाले. लोहापुलाखालून वर येताना दर तीस मीटरला एक मीटर चढ आहे असे समजू. ताशी सहा किलोमीटर वेगाला उंचीसाठी १३६ आणि घर्षणासाठी सुमारे ६० वॅट, म्हणजे जवळपास २०० वॅट हवेत. तेही बिनगिअरच्या रिक्षावर. चालक उतरून हँडल धरून रिक्षा ओढत असे, ते याच कारणाने: वेग निम्मा झाला की शक्तीही निम्मी लागते. सवाऱ्या उतरल्या असत्या, तरी जवळजवळ तेवढीच सुटका झाली असती. त्या सहसा उतरत नसत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी गिअर असलेली सुधारित रिक्षा, पुढे मोटरची जोड दिलेली रिक्षा तयार केली. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला मान्यता मिळाली. तिच्या चढाचा हिशेबही याच सूत्राने होतो. वॅट बॅटरी देते.