अखेरचा मानव आणि तांबोराची भाषा

प्रलयातून उरलेल्या मानवाची कथा हा आधुनिक इंग्रजी कादंबरीचा एक रूढ प्रकार होय. त्याच्या उगमाचा शोध घेऊ जाता १८१६ सालच्या उन्हाळ्याची दखल घ्यावी लागते. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून वातावरणात पसरलेल्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडविला आणि पुढील वर्षी पश्चिम युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले. कारण मात्र तेथे कोणासच ठाऊक नव्हते. त्या गारठ्यात जिनीव्हा सरोवराकाठी बायरनने सूर्य विझलेल्या पृथ्वीचे चित्र 'डार्कनेस' या कवितेत रेखाटले. त्याच मंडळीत असलेल्या मेरी शेलीची 'द लास्ट मॅन' ही कादंबरी १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली.

या कादंबरीत मानवजात साथीच्या रोगाने नष्ट होते. काळा सूर्य आणि खवळलेला समुद्र ही त्या नाशाची पूर्वचिन्हे होत. भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाचा वाटतो तो तिचा शेवट. एकटा उरलेला लायनेल व्हर्नी एकविसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये ग्रंथ लिहावयास बसतो. वाचक उरलेला नसल्यामुळे तो ग्रंथ मृतांस अर्पण करतो. ऐकणारा नाहीसा झाला तरी भाषा टिकून राहते, हे लेखिकेने येथे गृहीत धरले आहे.

तांबोराच्या पायथ्याशी प्रत्यक्षात घडले ते याच्या उलट. तेथे त्याच नावाचे एक लहान राज्य होते आणि त्याची भाषा शेजारच्या ऑस्ट्रोनेशियन भाषांहून निराळी होती. स्फोटात ते राज्य गाडले गेले आणि भाषाही संपली. पूर्वी जमविलेली तिच्या मोजक्या शब्दांची यादी रॅफल्सने १८१७ मध्ये आपल्या जावाच्या इतिहासात छापली, एवढाच तिचा पुरावा. त्यावरूनच २००७ मध्ये मार्क डोनोह्यू यांनी ती पापुअन भाषा असल्याचे प्रतिपादन केले. तिचे एक वाक्यही आपणांपाशी नाही.

एकाच आपत्तीच्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे प्रलयकथेची मर्यादा स्पष्ट होते. ती अखेरच्या मानवाच्या हाती लेखणी, लिपी आणि समृद्ध वाङ्मय ठेवते. आपत्ती ज्यांच्यावर प्रथम कोसळते त्यांच्यापाशी पुष्कळदा यांपैकी काहीच नसते. हवामानबदलावरील अलीकडच्या कादंबऱ्या अभ्यासतानाही, जगलेला मनुष्य कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणती भाषा कथेत ऐकूच येत नाही, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.