पेरणीपूर्वींची मशागत

लोणार तालुक्यांतील बीबी गांवचा शेतकरी पावसाची वाट हातावर हात ठेवून पाहत नाहीं. उन्हाळ्यांतच तो नांगरट करतो, वखर फिरवतो, शेणखत पसरतो. मग मृग बरसला कीं पेरा होतो. कपाशी, तूर, ज्वारी यांच्या बाबतींत जें शहाणपण सर्वमान्य आहे, तें मनुष्याच्या संततीविषयीं मात्र फार काळ बाजूस पडलें. सुनेस डोहाळे लागले म्हणजे घरच्यांचें लक्ष तिच्या ताटाकडे जाई. तत्पूर्वीं ती सर्वांच्या मागून, उरेल तें जेवी.

प्राचीन वैद्यकाला ही गोष्ट अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेंत गर्भाची तुलना अंकुराशीं केली असून ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चारहि गोष्टींचा मेळ आवश्यक मानला आहे. चरकसंहितेनें स्त्री व पुरुष या दोघांच्याहि पूर्वतयारीचा विचार केला: पुरुषास दूध-तूप, स्त्रीस तेल व उडीद. लोकरूढीनें यांतील अर्धाच भाग उचलला. मूल झालें नाहीं तर दोष क्षेत्राचा, म्हणजे स्त्रीचा. बीजाची चौकशी कोणी करीना. 'वांझ' या एका शब्दानें किती संसार उद्ध्वस्त झाले!

आधुनिक शास्त्रांतील या इतिहासाचें एक मोठें पान मुंबईंत लिहिलें गेलें. वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांत जाई, त्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं तीव्र पांडुरोग जडे. इ. स. १९२८ मध्यें ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. हाफकीन संस्थेंत काम करतांना त्यांनीं निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना केली आणि दोष अन्नांतच असावा असें त्यांना दिसून आलें. यीस्टच्या अर्कापासून केलेल्या 'मार्माइट' या स्वस्त पदार्थानें रोगी स्त्रिया बऱ्या होतात, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें.

पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून एक गुणकारी द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पानास लॅटिनमध्यें 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्याला 'फोलिक ॲसिड' हें नांव पडलें. १९९१ सालीं सात देशांतील एका चांचणीचा निकाल बाहेर आला. मज्जारज्जूचें व्यंग असलेलें मूल पूर्वीं झालेल्या ज्या स्त्रियांनीं गर्भधारणेच्या आधींपासून हें द्रव्य घेतलें, त्यांच्यांत तें व्यंग पुन्हा उद्भवण्याचें प्रमाण ७२ टक्क्यांनीं घटलें. आधींपासून कां? गर्भाची मज्जानलिका सुमारें २८ दिवसांतच मिटते. तोंवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची जाणीवहि नसते.

महाराष्ट्रानेंहि या ज्ञानांत भर घातली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या वतीनें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध अधिक घेत, त्यांचीं बाळें अधिक भरदार निघालीं. त्यानंतर २००६ ते २०१२ या काळांत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वींपासून पालेभाजी, फळें व दूध घातलेला खाऊ रोज देण्यांत आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करतां बाळांच्या वजनांतील फरक निर्णायक ठरला नाहीं. परंतु ज्यांनीं निदान तीन महिने आधीं आरंभ केला होता, त्यांच्या बाळांचें वजन सरासरी ४८ ग्रॅमनें अधिक भरलें. गरोदरपणींच्या मधुमेहाचें प्रमाणहि घटलें.

आहारानें अपत्य होईलच, असें वचन कोणतेंहि शास्त्र देत नाहीं. मात्र दिवस जाण्याआधींपासून बारा आठवडे पूर्ण होईतों रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुरुषबीज तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू, विडी व दारू यांस पुरुषानेंहि तितकेच आधीं रजा दिली पाहिजे. वर्षभर प्रयत्न करूनहि यश न आल्यास तपासणी दोघांचीहि व्हावी.

मेथी, चवळी, तांदुळजा या भाज्या बीबीसारख्या गांवीं महाग नाहींत. त्या फार वेळ शिजवूं नयेत व त्यांचें पाणी ओतून देऊं नये. दूध-दह्याची वाटी सुनेच्या पानांतहि पडावी आणि तिनें सर्वांच्या बरोबरीनें जेवावयास बसावें. पीक हवें असेल तर मशागत आधीं करावी लागते, हें ज्या घरास कळतें, त्या घरानें तोच न्याय सुनेस लावावा.