सायकलच्या फ्रेमवरचा रंग आणि तो उतरवणारी यंत्रे

1885 साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली आणि आजच्या सायकलीचा साचा ठरला. पुढे कारखान्यांत पोलादी फ्रेमवर काळे इनॅमल चढवून ते भट्टीत भाजण्याची रीत रुळली. हे भाजलेले इनॅमल फार चिवट असे. ते काढायला कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याची टाकी, नाहीतर पत्री, वायर ब्रश आणि पॉलिश पेपर, एवढीच साधने होती. सोडा पोलादाला खात नाही. मात्र नळीत शिरलेले पाणी नीट काढले नाही, तर आतून गंज लागतो.

दरम्यान नळ्याच बदलल्या. 1897 साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाच्या ठिकाणी ब्रेझिंगची आच लागते, म्हणून तिथे जाडी हवी. मधे ती नको. 1935 साली याच कंपनीची ‘531’ ही मिश्रधातूची नळी आली. हलक्या फ्रेममध्ये मधल्या भागाची भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. रंग उतरवताना इथला थोडासा धातू गेला, तरी तो गेल्याचे बाहेरून कळत नाही. अवजाराची निवड खरी या अर्ध्या मिलिमीटरवर ठरते. यंत्राच्या ताकदीला त्यानंतरचे स्थान.

ताकद मात्र वाढतच गेली. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 साली हातात धरायचे विजेचे ड्रिल बनवले. ब्लॅक अँड डेकरला 1917 साली पिस्तुली मुठीच्या, घोडा दाबून चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट मिळाले. ड्रिलला गोल वायर ब्रश जोडला की तासांचे काम मिनिटांत होऊ लागले. 1954 साली जर्मनीतच वेगवान अँगल ग्राइंडर आला. त्याची लहान चकती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते. वेल्डिंगचे डाग घासायला हे यंत्र उत्तम, पण पातळ नळीला ते घातक. सपाट, कडक चकती गोल नळीला एका अरुंद पट्टीवरच टेकते, सगळा दाब तिथे पडतो आणि नळीवर चपटे पट्टे उमटतात. त्याहून मोठे नुकसान लगच्या, म्हणजे नळ्या जिथे जोडल्या जातात त्या बाह्यांच्या, कडांचे होते. जुन्या कारागिरांनी कानशीने हाताने घडवलेल्या या कडा एकदा बोथट झाल्या की परत येत नाहीत. ठोकलेला फ्रेम नंबरही असाच पुसला जातो.

ब्लास्टिंगची वाट वेगळी. 1870 साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी जोराच्या झोतात वाळू मारून काच आणि दगड कोरण्याचे पेटंट घेतले. जोडाच्या सांदीकोपऱ्यांत या झोताइतके दुसरे काही पोचत नाही. पण गारेच्या वाळूची धूळ फुप्फुसांत बसून सिलिकोसिस होतो. ब्रिटनने 1949 साली ब्लास्टिंगसाठी अशी वाळू बंद केली. तिच्या जागी वापरले जाणारे पोलादी कण पातळ नळीला जड जातात. विमानांचा पातळ पत्रा वाचवण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने 1980च्या दशकात प्लॅस्टिकचे कण वापरात आणले. हलक्या फ्रेमला असाच मऊ मारा मानवतो.

हातयंत्रांत खरा फरक पाडला तो 1950च्या दशकाच्या अखेरीस थ्रीएम कंपनीने आणलेल्या, नायलॉनच्या तंतूंत खरकण धरून ठेवणाऱ्या जाळीदार पदार्थाने. त्याची जाड चकती ड्रिलवर कमी वेगात फिरवली, तर ती नळीच्या गोलाईला लवते आणि धातूला फारसे न दुखावता रंग सोलते. लगभोवती मात्र रसायन किंवा हातच बरा. डायक्लोरोमिथेनचे झटपट रंग सोलणारे रिमूव्हर जीवघेणे ठरल्यावर अमेरिकेने 2019 साली त्यांची घरगुती विक्री बंद केली. जुन्या रंगात शिसेही असू शकते, म्हणून यंत्राने कोरडे घासताना मास्क लागतोच.

1980च्या दशकात ॲल्युमिनियमच्या फ्रेम पसरल्या आणि सोड्याची टाकी त्यांच्यासाठी बाद झाली, कारण सोडा हा धातू विरघळवतो. कार्बन फायबरच्या फ्रेमवर तर कडक ब्लास्टिंग, तीव्र रिमूव्हर आणि ग्राइंडर यांपैकी काहीच चालत नाही. तिथे बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासायचे आणि तंतू दिसण्याआधी थांबायचे.