माऊस वापरून हात दुखतोय? मनगट आणि खांदा सांभाळण्याचे सोपे उपाय

दहावी-बारावीचा निकाल लागला की मुरुडपासून लातूरपर्यंतच्या सगळ्या सेवा केंद्रांवर आणि नेट कॅफेत गर्दी होते. प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, दाखले आणि मग पीक विमा. काऊंटरवर बसलेला मुलगा सकाळी माऊस धरतो तो रात्रीच सोडतो. घरी आल्यावर त्याच हातात मोबाईल! मग मनगट दुखायला लागतं, बोटांना मुंग्या येतात आणि आपण ते अंगावर काढतो.

हात का दुखतो?

माऊस हलका असतो, पण हात तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो. बोटं हलवणाऱ्या स्नायूंचा बराचसा भाग कोपराजवळ असतो. तिथून निघालेले ९ स्नायुबंध आणि एक नस (मीडियन नर्व्ह) मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पंजात जातात. मनगट वर किंवा बाजूला वाकवून ठेवलं की या बोगद्यातला दाब वाढतो.

कुठे दुखतंय, ते आधी बघा

- अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होणं, रात्री मुंग्या येऊन जाग येणं: मनगटातली नस दबत असू शकते. हे फक्त माऊसमुळेच होतं असं नाही. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यातही होतं.
- करंगळी बधिर होणं: ही नस वेगळी. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का, ते तपासा.
- अंगठ्याच्या मुळाशी दुखणं: यात मोबाईलवरच्या टायपिंगचा आणि स्क्रोलिंगचा वाटा असू शकतो.

बसण्याची पद्धत

१. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. लांब ठेवला की खांदा ताणला जातो.
२. कोपर अंगाजवळ आणि साधारण काटकोनात हवं. प्लास्टिकची खुर्ची बुटकी असेल तर खाली उशी घ्या.
३. मनगट सरळ ठेवा. माऊस मनगटाने नाही, कोपरापासून पूर्ण हाताने हलवा.
४. माऊस घट्ट पकडू नका. क्लिक करायला जोर लागत असेल तर तो माऊस बदला.

सेटिंग बदला

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → माऊस इथे जा. पॉइंटर स्पीड थोडा वाढवला की हात कमी फिरवावा लागतो. तिथेच 'प्रायमरी माऊस बटन' बदलून माऊस डाव्या हातानेही वापरता येतो. पहिले काही दिवस अवघड जातं, मग सवय होते.

फॉर्म भरताना माऊस कमी वापरा

- पुढच्या रकान्यात जायला टॅब, मागे यायला शिफ्ट + टॅब
- चौकटीत टिक करायला स्पेसबार
- यादी उघडायला ऑल्ट + खालचा बाण
- जिल्ह्यांची यादी इंग्रजीत असेल तर स्क्रोल करत बसू नका. एल, ए दाबा, बहुतेक ठिकाणी थेट लातूर येतं.

एका फॉर्ममागे वीस-तीस क्लिक वाचले, तर दिवसभराचा हिशोब तुम्हीच करा.

विश्रांती

दर अर्ध्या तासाने मिनिटभर माऊस सोडा. मुठी उघडा-मिटा, खांदे फिरवा, हात खाली सोडा. या मिनिटात मोबाईल घेऊ नका, नाहीतर हाताला विश्रांती मिळतच नाही. लांब मेसेज व्हॉइस टायपिंगने लिहा, ते मराठीतही चालतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दोन-तीन आठवडे काळजी घेऊनही मुंग्या थांबत नसतील, रात्री झोप मोडत असेल किंवा हातातून कप, पेन निसटत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं मलम लावून किंवा क्रेप बँडेज गुंडाळून वेळ काढू नका. नस बराच काळ दबली तर अंगठ्याखालचा स्नायू बारीक होतो आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. ज्याचं पोट टायपिंगवर आहे किंवा ज्याला टायपिंगची परीक्षा द्यायची आहे, त्याने तर हे अजिबात टाळू नये.