कारागृहातील पत्रे आणि घरचा जिव्हाळा

आपल्या थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो, तेव्हा त्यांची भाषणे, त्यांचे ग्रंथ आणि त्यांचे लढे ह्यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. तथापि मनुष्य घरी कसा होता, त्याचा जीव कोणाकोणांत गुंतला होता, हे जाणण्याचे साधन निराळेच असते. ते म्हणजे त्याची खाजगी पत्रे. आणि त्यांतही कारागृहातून लिहिलेली पत्रे. बाहेर असताना मनुष्य मनाला येईल तेव्हा लिहितो. तुरुंगात मात्र पत्र ठरलेल्या मुदतीनेच धाडता येई, आणि ते अधिकाऱ्यांनी वाचल्याशिवाय पुढे जात नसे. म्हणून अशा पत्रात जे येते ते निवडून आलेले असते, व जे येत नाही त्याचाही काही अर्थ असतो.

लोकमान्य टिळकांचेच उदाहरण घेऊ. 22 जुलै 1908 रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. तेव्हा त्यांचे वय 52 वर्षांचे होते व मधुमेह जडलेला होता. तेथून त्यांनी घरी लिहिलेली पत्रे मुख्यतः त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस ह्यांच्या नावे आहेत. त्यांत राजकारणाला वाव नव्हता. कोर्टातील कामे, हवे असलेले ग्रंथ, स्वतःची प्रकृती आणि मुलांचे शिक्षण हेच त्यांतील विषय. गीतारहस्याचा खर्डा 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहून झाला, तेव्हा ही वार्ताही त्यांनी भाच्यालाच कळविली. ज्याच्यापाशी घरची चिंता निःशंकपणे ठेवावी, त्याच्यापाशीच ग्रंथ पुरा झाल्याचा आनंदही सांगावा, ह्यावरून मामाभाच्यांमधील विश्वास किती होता हे कळते.

7 जून 1912 रोजी पुण्यास सत्यभामाबाईंचे देहावसान झाले. 1871 साली लग्न होऊन सुरू झालेला संसार असा सुमारे एक्केचाळीस वर्षांनी संपला. तारेने ही वार्ता मंडालेस पोहोचली. त्यावर धोंडोपंतांना धाडलेल्या पत्रात टिळकांनी कबूल केले की, संकटे शांतपणे सोसण्याची आपणांस सवय असली तरी ह्या आघाताने आपण फार हललो. आणि अखेरच्या समयी तिच्याजवळ असता आले नाही, ह्याचे दुःख सर्वांत अधिक आहे. एवढे लिहून त्यांनी स्वतःच्या शोकाला आवर घातला आणि लेखणी मुलांकडे वळविली. मुलांनी अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नये, आपणही ह्याहून लहान वयात पोरके झालो होतो, असे त्यांनी कळविले. ज्यांनी दहाव्या वर्षी आई व सोळाव्या वर्षी वडील गमावले, त्यांच्या मुखी हा उपदेश कोरडा वाटत नाही. सभा गाजविणाऱ्या ह्या पुरुषाचे अंतःकरण त्या मोजक्या ओळींत दिसते, तसे अन्यत्र क्वचितच दिसेल.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना 1911 साली अंदमानात नेले. तेथून वर्षाकाठी जेमतेम एक पत्र धाडता येई, आणि ते ते आपले धाकटे बंधू नारायणराव ह्यांना लिहीत. वर्षभर साठविलेली सारी माया त्या एका पत्रात उतरे. त्यांत घरच्या माणसांची विचारपूस आहे, तशीच मित्रांचीही आहे. मादाम कामांचे नाव त्यांत कृतज्ञतेने आले आहे. आई लहानपणीच निवर्तल्यावर ज्यांनी घराला सावरले, त्या येसूवहिनी मात्र 1919 साली, अंदमानात भेटीचा योग येण्यापूर्वीच निवर्तल्या. भेट घडलीच ती नारायणराव व माई ह्यांची.

पंडित नेहरूंची गोष्ट ह्याहून निराळी. 1930 च्या ऑक्टोबरात नैनी तुरुंगातून कन्या इंदिरेस तिच्या तेराव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी पत्र लिहिले. तेथून आरंभ होऊन 1933 पर्यंत जगाचा इतिहास सांगणारी पत्रमाला सिद्ध झाली. मुलीच्या शिक्षणास हजर राहता येत नाही, ही पित्याची रुखरुखच त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र ह्या पत्रांचा विचार करताना एक सावधगिरी बाळगणे इष्ट. परक्याच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कागदावर कोणी मन मोकळे करीत नाही. म्हणून पत्र त्रोटक दिसले तर प्रेम त्रोटक होते, असा निष्कर्ष काढू नये. दुसरे असे की, ज्या गृहिणींनी मागे राहून घर चालविले, त्या ह्या पत्रांत बहुधा दुसऱ्याला लिहिलेल्या एखाद्या वाक्यातूनच भेटतात. इतिहासाच्या अभ्यासकाने ते वाक्य हातचे जाऊ देऊ नये.

आमच्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. 1930, 1932 व 1942 च्या चळवळींत कारावास पत्करलेल्यांची पत्रे ज्या घरांत असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. कागद जीर्ण झाला असेल तर नक्कल करून ठेवावी. पत्र कोणी, कोणास आणि केव्हा लिहिले हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. विशेषतः आजींच्या व पणजींच्या हातची उत्तरे सापडली, तर ती आधी जपावीत. टिळकांचे पत्र जपणारे पुष्कळ होते. आपल्या घरचे पत्र आपणच जपले पाहिजे.