चेहऱ्याची मापे आणि मापांचा मानदंड

दात पुढे आलेले वा वेडेवाकडे असल्यास तारा बसविण्यापूर्वी दंतवैद्य डोक्याचे एका बाजूने क्ष-किरण छायाचित्र घेतात. त्याला ‘सेफॅलोग्राम’ म्हणतात. कवटीचा पाया, दोन्ही जबडे, दात आणि ओठ यांच्यातील कोन व अंतरे त्यावरून मोजली जातात. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफराथ यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली.

मोजलेले आकडे ताडून पाहायचे, तर प्रमाण हवे. डाउन्स यांनी १९४८ मध्ये दिलेली प्रमाणे उत्तम दंतरचनेच्या अवघ्या २० गोऱ्या अमेरिकी मुलामुलींवरून काढलेली होती. १९५३ मध्ये स्टायनर यांनी वरच्या जबड्यासाठी ८२ अंश, खालच्यासाठी ८० अंश आणि दोहोंत २ अंशांचा फरक ही प्रमाणे मांडली. आजही ती जगभर शिकविली जातात.

मात्र आफ्रिकी वंशाच्या व चिनी लोकांत पुढचे दात आणि ओठ गोऱ्या लोकांपेक्षा अधिक पुढे असतात. भारतीयांच्या अनेक पाहण्यांतही काहीसे असेच आढळले. ही चेहऱ्याची ठेवण आहे, व्यंग नव्हे.

स्त्री-पुरुषांतील भेद प्रामुख्याने आकाराचा असतो. पुरुषांचा जबडा व चेहऱ्याची उंची सरासरीने अधिक असते. कोनांत फारसे अंतर नसते. मुलींच्या वाढीचा वेग मुलांपेक्षा सुमारे २ वर्षे आधी शिगेला पोहोचतो. म्हणून जबड्याच्या वाढीला वळण देणारे उपचार मुलींमध्ये लवकर सुरू करावे लागतात.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असे अनेक समाज राहतात. येथील एखाद्या मुलीचे दात परक्या प्रमाणाने ‘पुढे’ ठरले, तर जागा करण्यासाठी चार निरोगी उपदाढा काढण्याचा निर्णय होऊ शकतो. काढलेला दात पुन्हा येत नाही. मानदंड कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय उरत नाही.

महाराष्ट्रात मापांची परंपरा जुनी आहे. कवटीच्या असमानतेवर बर्लिनमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह राज्यातील समाजांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतील पोटजातीही शरीराने सारख्या असतातच असे नाही, असे त्यांना दिसून आले. त्याआधी ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली होती, डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये त्या मांडणीची कठोर चिकित्सा केली.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रमाण शक्यतो त्याच प्रदेशातील, त्याच वयाच्या आणि लिंगाच्या व्यक्तींचे असावे. आणि तसे प्रमाण हाती असले, तरी ती सरासरीच असते. एकाच गावातील दोन भावंडांचे चेहरेही त्या सरासरीपासून दूर असू शकतात. चावण्याची क्रिया, ओठ सहज मिटणे आणि रुग्णाची स्वतःची इच्छा यांचा विचार करूनच उपचार ठरवावा लागतो.