बैलांच्या वाटेने म्हशाच्या जत्रेला

‘सहल’ हा शब्द आमच्या गावात फार उशिरा आला. माझे गाव पूर्णा. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की दुतर्फा गोदामे लागतात. त्या गोदामांच्या मागे ते आहे. शाळेतली मुले बसने सहलीला जाऊ लागली तेव्हा हा शब्द घराघरांत शिरला. त्यापूर्वी माणसे घराबाहेर पडत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ती जत्रेला जात आणि बैल घ्यायला जात. ही दोन्ही कामे जिथे एकाच खेपेत उरकत, ते ठिकाण म्हणजे मुरबाड तालुक्यातील म्हसा.

म्हसा हे गाव लहान. खांबलिंगेश्वराचे, म्हणजे लोकांच्या तोंडी म्हसोबाचे, हे ठाणे. पौष पौर्णिमेला इथे जत्रा भरते आणि तिच्याबरोबर बैलांचा मोठा बाजार. देव आधी की बाजार आधी, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारीत नाही. पण हा बाजार पौषातच का भरावा, याचे उत्तर भाताच्या शेतात सापडते. दिवाळीनंतर भात कापले जाते. मार्गशीर्षात झोडणी, मळणी आटोपते. पौषात धान्य घरात आलेले असते, गाठीला चार पैसे असतात, आणि माळावर गवताला तोटा नसतो. नवा बैल आणायचा तर हीच वेळ. पुढे ज्येष्ठापर्यंत पाच महिने मिळतात. तेवढ्यात बैलाला माणसाची आणि माणसाला बैलाची सवय होते.

गवताचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचीही थोडी कथा सांगतो. आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या खाचरांखेरीज वरकस जमिनी फार. तिथे नाचणी, वरी पिके आणि उरलेल्या जागी गवत. हे गवत केवळ घरच्या गुरांसाठी नव्हते. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. त्या घोड्यांना, टांग्यांच्या तट्टांना आणि तबेल्यांतल्या म्हशींना चारा लागे, आणि तो मुख्यतः आसपासच्या मुलखातून जाई. खाडीने गवताचे पडाव जात, पुढे रेल्वेच्या वाघिणी जाऊ लागल्या. मुंबईच्या रस्त्यावरचा घोडा ठाणे जिल्ह्याच्या माळावर जगत होता, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

आता वाट. पूर्ण्याहून भिवंडी, तिथून कोनची खाडी ओलांडून कल्याण, पुढे शहाड, रायत्याला उल्हास नदी, मग मुरबाड आणि शेवटी म्हसा. अंतर पन्नास-साठ किलोमीटर. आज मोटारीने दोन तासांची गोष्ट. बैलगाडीला दोन दिवस पुरत. आगगाडी कल्याणला 1854 सालीच पोचली, पण मुरबाडच्या दिशेने ती वळली नाही. म्हणून ही वाट पुढेही कितीतरी वर्षे बैलांचीच राहिली.

या वाटेवर इतिहास पावलापावलाला भेटतो. कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी आहे. शिवाजीमहाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीवर झाली. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. कल्याण बंदरातला माल पाठीवर घेऊन बैलांचे तांडे याच घाटाने जुन्नरला जात. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, शिलालेख कोरलेला आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी येते: हत्ती, घोडे, कार्षापण नाणी, आणि गायी तर हजारांनी. त्या यादीतले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांपैकी मानले जातात. मला नेहमी गंमत वाटते ती ही की, आपल्या गणिताच्या जुन्यात जुन्या खुणांपैकी काही गायी मोजताना उमटल्या आहेत! घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा सांगते.

म्हशाच्या अलीकडे-पलीकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. गोरखगडाचा सुळका आणि सिद्धगडाचा रुंद माथा इथल्या माणसाला घड्याळासारखे ओळखीचे. सिद्धगडाशी आणखी एक आठवण जोडलेली आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी 1942 च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारला आणि विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. जत्रेचा हंगाम आणि हा दिवस सहसा फार लांब नसतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता बाजारात शिरू. मला या बाजाराची गोडी लावली ती आजोबांनी. त्यांनी मला बैलाचे दात वाचायला शिकवले. दुधाचे दात असलेला तो आदत. मग दोन दाती, चौसा, सहा दाती. आणि आठही दात आले की तो जुळला. खिल्लार बैल दिसायला देखणा, चालायला चपळ, पण भाताच्या चिखलात आणि आमच्या पावसात डांगीच खरा. इगतपुरी-अकोल्याच्या डोंगराळ भागातली ही जात. अंगावर काळे-पांढरे ठिपके, काळे टणक खूर, आणि कातडीवर असा तेलकटपणा की पावसाचे पाणी ठरत नाही. मुसळधार पावसातही तो नांगर ओढतो. सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली दोन हात भेटतात, बोटे दाबून आकडा सांगितला जातो, आणि आजूबाजूच्या पन्नास माणसांना त्याचा पत्ता लागत नाही. बायका-मुलांचा बाजार निराळा: घोंगड्या, भांडी, बांगड्या, खाजे, आणि आकाशपाळणा. एका कुटुंबाची वर्षभराची खरेदी आणि वर्षभराची मौज अशी एकाच माळावर होई.

हे सारे बदलले. पूर्ण्याच्या खाचरांवर गोदामे का आली याचे एक कारण जकातही आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरताना जकात द्यावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर साठवला. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे राहिली. शेती आटली तसे गोठे रिकामे झाले. जिथे शेती उरली तिथे पॉवर टिलर आला. बैल ठेवतो तो पुष्कळदा शर्यतीसाठी. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली होती. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्यामुळे चपळ बैलाला पुन्हा भाव आला. पण चिखलात राबणाऱ्या संथ डांगीला शर्यतीचा काय उपयोग? मध्यंतरी 2022 मध्ये लम्पीची साथ आली आणि राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हा पुष्कळांना प्रथमच जाणवले की बैलांवाचून जत्रा म्हणजे नुसता आकाशपाळणा.

माझे म्हणणे एवढेच आहे. हल्ली पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला शहरातून मोटारींची रीघ लागते. ते अवश्य पाहावेत. पण या मुलखाची खरी ओळख धबधब्यात नाही. ती बैलाच्या वाटेत आहे. नाणेघाट, कल्याणची खाडी, वरकसाचे गवत आणि म्हशाचा माळ ही एकाच दोरीत ओवलेली ठिकाणे आहेत, आणि ती दोरी बैलाच्या वेसणीची आहे. डांगी बैल पाळणारा माणूस बाजारात येईनासा झाला, तर ठिकाणे उरतील, दोरी तुटेल.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे आवरली की येत्या पौषाचा बेत करावा. मुलांना घेऊन म्हशाला जावे. पाळण्यात जरूर बसवावे, पण आधी तासभर बैलबाजारात उभे करावे. एखाद्या डांगीच्या मालकाला त्याच्या बैलाचे दात दाखवायला सांगावे. तो आनंदाने दाखवील, आणि बैलाचे नावही सांगेल.